मुराळी निघाला विमानानं

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
१८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

लाडक्या सोनियाला आईचे पोटभर आशीर्वाद. शिवराजरावांना पण. आन माझ्या नव्या नातीला पायापासून डोक्यापर्यंत पापे.

इथं सगळे बरे हायत, माझा गुडघा सोडून. फोटो पोचला. नाक तुमच्या कोल्हापूरचं हाय, आपलं नाय, पर कान बघ, तुझ्या दादांचेच उपटून लावल्यासारखे. सगळ्या गल्लीला दाखवला. शेजारची गोजरबाई चौथ्या बारीला म्हणली, आवडाबाई, पाठ झालं की मला तुमचं पोरगं. पोरगं नाय, पोरगी, म्हणलं. डिंकाचे लाडू केलेत, मेथीचे पण. मेथीचे कडू झालेत, तरी खा.

फोन सोडून पत्र लिव्हती, कारण फोनवर बोलाया लागले की तुझे दादा शेजारी येऊन बसतात.

तर झालं असं. ह्यांनी, म्हंजे तुझ्या दादांनी, फोटो मोठा करून करून बघितला. जेवताना तुझ्या भावाला इचारलं, कोल्हापूर इमानानं किती लांब? सोमनाथचा घास हातातच राह्यला. त्यानं मोबाइलवर बघितलं. चिकलठाण्याहून पावणेचारशे किलोमीटर, उडायला तासभर. लगेच दुसऱ्या दिवशी दाढी, धोतर इस्तरीला. म्हणले, बाळाचा सव्वा महिना झाला की माय-लेकीला घेऊन येतो, मुराळी मीच.

तू आपल्या मनानं लगीन केलंस, त्याला सहा वर्षं झाली. तुला आणायला आपल्या घरचं कुणी आलं नाय. सोमनाथ निघाला होता एकदा, दिवाळीला, ह्यांनी अडवलं. जाऊ दे. ते उकरायला मी पत्र लिव्हत नाय.

मग सोमनाथ तिकीट काढाया बसला तर इमानच नाय. मोबाइलनं सांगितलं ते नुसतं आभाळातलं अंतर, कावळ्यानं जावं तसं. माणसानं जायचं तर आधी मुंबई, तिथं बसून राह्यचं, मग दुसरं इमान. हे सोमनाथवरच डाफरले, जे इमान नाय त्याचा तास कशाला मोजतो तुझा फोन. मी म्हणलं, एस्टी हाय की, सकाळी बसा, रातच्याला उतरा. तर इस्तरीचं धोतर परत पेटीत.

परवा मी भाकरी थापत होते, तर हे ओट्यापाशी येऊन उभे राह्यले.

"तिनं दार नाय उघडलं तर? इमान असतं तर सांजेला माघारी आलो असतो, कुणाला कळलं नसतं. एस्टीनं गेलो तर रातच्याला कुठं जाऊ मी?"

सोने, बैलानं मांडीत शिंग घातलं होतं तवा पण हा माणूस हूं म्हणला नव्हता. भाकर करपली.

पुढल्या बुधवारी सकाळच्या एस्टीनं निघतायत. सोमनाथ म्हणला, परतीचं काढू का? तर म्हणले, ते ती सांगंल तसं.

दार तुझं हाय. उघड म्हणून मी जोर करत नाय, हे तुला काय काय बोलले ते मी पण ऐकलंय. एवढंच सांगती, ते कडी वाजवायचे नाईत, बेल तर नाईच. दाराबाहेर उभं राहून नुसतं खाकरतील. तेवढं ऐकू येतं का बघ.

तुमच्या दोघांच्या मधी बसलेली,
तुझी आई