उजवीकडे जाणारी गोळी

९ ऑक्टोबर, सकाळ

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही सगळे ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, आणि आई त्याहून जास्त. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. कुठलाही धडा मी फेकलेल्या चेंडूपाशी नेऊन सोडते, म्हणून मुलं मला ‘चेंडूबाई’ म्हणतात. घरात मात्र मी अजून मास्तरीणच. माझ्या पदवीचा कागद आईने आरशाशेजारी लावलाय, त्यामुळे केस विंचरताना मी रोज नव्याने पास होते.

दुकान चालू आहे. सकाळचं ऊन बाकावर आलं की तेलाचा वास जागा होतो. बाबा रायफलच्या मागचा सरकता बोल्ट काढतात, नळी उजेडाकडे धरतात आणि म्हणतात, “बघ.” आत चकचकीत खाचांचा पीळ फिरत फिरत लांब जातो आणि टोकाला आभाळाचा एवढासा गोल तुकडा दिसतो. बघत राहिलं की दुकान, रस्ता, आपण, सगळंच विरघळून जातं.

पूर्वी मी त्यांच्याशी भांडायचे, की जनावरं मारायची यंत्रं नीट कशाला करता? ते म्हणायचे, “मारणारा मारणारच. नीट लागली तर जनावराला कळतही नाही. वाकडी लागली तर दिवसभर कळत राहतं.” तेव्हा मला ती पळवाट वाटायची. आता फळ्यावर गोळीची वाट काढताना खडू आपोआप हळू होतो. नजर सरळ जाते, गोळी जात नाही. नळी किंचित वर रोखलेली असते, म्हणून गोळी खालून येऊन नजरेची रेषा ओलांडते, तिच्यावर तरंगते आणि दूर कुठेतरी उतरताना तिला पुन्हा भेटते. ती दुसरी भेट कुठे व्हावी, हे बाबा दुर्बिणीचा स्क्रू केसभर फिरवून ठरवतात.

तू गेल्यापासून चाचणीच्या गोळ्याही तेच झाडतात. हे तुला दोष द्यायला लिहीत नाहीये. “तुझ्यावाचून माझं अडत नाही,” असं ते तुला चारचौघांत म्हणाले, ते मीही ऐकलं होतं.

गेल्या महिन्यात बाबा जेवायला गेले असताना वनरक्षककाका आले. हरणांचा कळप कमी करायचा त्यांना हुकूम आहे. रायफल बाकावर ठेवून म्हणाले, “पोरी, ही उजवीकडे मारायला लागलीय. माझ्या हातून एका हरिणीचा मागचा पाय गेला. संध्याकाळपर्यंत शोधत होतो तिला.” मग हळूच, “सांगू का त्यांना?”

“नको, मी सांगते,” मी म्हटलं. आणि लगेच काही मला सांगवलं नाही.

रविवारी मी बाबांबरोबर जुन्या खाणीत गेले. धुकं इतकं मऊ होतं, की निशाणाचा कागद हवेत टांगल्यासारखा दिसत होता. बाबा वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून पालथे झोपले, आणि मला दिसलं. दस्ता उजव्या खांद्याला, पण दुर्बिणीला डावा डोळा. त्यासाठी मान वाकडी, आणि मानेबरोबर रायफलही डावीकडे कललेली.

गोळी बरोबर मधोमध लागली. बाबा लहान मुलासारखे हसले.

रायफल डावीकडे कलली की गोळीही डावीकडे जाते, म्हणून बाबा नेम तेवढा उजवीकडे सरकवत होते. असा कललेल्या रायफलवर बसवलेला नेम, सरळ धरणाऱ्याच्या हातात उजवीकडे जाणारच. मी गप्प बसले असते तर त्यांचं हसू टिकलं असतं.

“आता मी मारते, बाबा.”

“तू? चेंडू नाहीये तो.”

मारली.

“कुठे लागली?”

“चार बोटं उजवीकडे.”

“हात हलला तुझा, मास्तरीणबाई. पुन्हा मार.”

पुन्हा मारली. पहिल्या भोकाला चिकटूनच लागली. मग मी म्हटलं, “हात नाही हलला, बाबा. तुमच्या उजव्या डोळ्याला दिसत नाही.” आणि हरिणीचंही सांगून टाकलं.

ते उठून कागदापर्यंत चालत गेले. माझ्या भोकांवर बोट ठेवलं आणि तिथून आपल्या भोकापर्यंतचं अंतर बोटांनी मोजलं. परत आल्यावर एवढंच विचारलं, “सापडली का ती?”

“अंधार पडता पडता.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच दुकानाच्या दारावर पाटी लावली: ‘या वर्षी माझ्याकडून नेम बसवून नेलेल्या रायफली वापरू नका. परत आणा.’ आई म्हणाली, “असं जगाला कशाला सांगायचं? डोळा आलाय म्हणावं.” त्यांनी पाटी सरळ केली आणि डॉक्टरांकडे गेले. मोतीबिंदू आहे. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन, आणि त्यानंतर बरेच दिवस खांद्याला रायफलचा धक्का चालणार नाही.

लोक रायफली आणून देत आहेत. कुणी टोमणा मारून, कुणी न बोलता. मी रविवारी जमेल तेवढं करीन, पण शिकारीचा मोसम माझ्या रविवारांसाठी थांबणार नाही.

काल भिंतीशी लागलेली रायफलींची रांग बघत बाबा म्हणाले, “तो मान सरळ ठेवायचा.”

आईच्या हातातली कात्री थांबली. कोण, असं आम्ही दोघींनीही विचारलं नाही.

तुला बोलाव, असं ते म्हणालेले नाहीत. म्हणणारही नाहीत, डोळ्याचं ऑपरेशन त्यापेक्षा सोपं आहे. त्यांच्या तोंडी नसलेला शब्द घालून मी तुला फसवणार नाही. हा माझा आहे: ये.

उत्तर नको, तूच हवा आहेस असं म्हणणारी
तुझी मास्तरीण