मामाचा गुडघा

गोरोका,
१२ मे २००३

ति. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं भाषण मिळालं. अध्यापक विद्यालयाच्या वसतिगृहातल्या मुलींना सांगितलं, की रग्बीत सगळ्या देशाला नाचवणारा माझा भाऊ आता राजधानीत, पोर्ट मोर्सबीत कंपन्यांच्या माणसांना हिंमत द्यायला उभा राहणार. त्यांना वाटलं, मी फुशारक्या मारतेय. मारतेच आहे!

घरात शाळा शिकलेली मी पहिली, म्हणून भाषण तपासून चांगल्या अक्षरात उतरवायचं काम तू मला दिलंस. बाकी सगळं उतरवलं, पण एका वाक्याशी हात अडलाय. तू लिहिलंयस, की माझं शरीर माझं एकट्याचं आहे आणि मीच ते घडवलं. दादा, तुझा गुडघा फुटला तेव्हा आईच्या माहेरची माणसं अंगाला माती फासून आपल्या अंगणात आली होती ना? आमच्या बहिणीने दिलेलं हाड तुम्ही मोडलंत, असं सिउनेमामा गरजला आणि बाबांनी मान खाली घालून भरपाईची डुकरं त्याच्या हवाली केली. मग तो पाय तुझा एकट्याचा कसा? हे वाक्य माझ्याच्याने लिहवत नाही. रागावू नकोस.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
डोर्का

पोर्ट मोर्सबी,
२५ मे २००३

चि. डोर्कास अनेक आशीर्वाद.

अजून मास्तरीण झाली नाहीस, तोवरच छडी उगारलीस! ते वाक्य माझं नाही. आम्हाला बोलायला शिकवणारे हॅडनसाहेब ऑस्ट्रेलियाचे आहेत. मी त्यांना मामाची आणि डुकरांची गोष्ट सांगितली, तर ते पोट धरून हसले. म्हणाले, की कंपनीला एकट्याने झगडणारा वीर हवा असतो, हा गावगाडा इथे नको.

डॉक्टरांनी सांगितलंय, की मैदान कायमचं सुटलं. पाय गेला, आता तोंड तेवढं उरलंय. पहिलं भाषण जहाज-कंपनीत, १४ जूनला आहे. तिथे पडलो तर हॅडनसाहेब पुन्हा उभं करणार नाहीत. मग मी कोण, सांग. चौकात सुपारी चघळत जुन्या सामन्यांच्या गप्पा मारणारा लंगडा? तेव्हा ते वाक्य राहू दे. अक्षर मात्र छान काढ.

तुझा हट्ट सोडून बाकी सगळ्यावर जीव असलेला,
दादा

कुंडियावा,
५ जून २००३

ति. दादास,
सा. न. वि. वि.

सुट्टीत घरी आलेय. भाषण सोबत पाठवतेय. ते वाक्यही लिहिलंय. भाषण तुझं आहे, मी अडवणारी कोण? पण एक गोष्ट तुला आधीच कळवलेली बरी. सिउनेमामा विमानाने तिकडे येतोय! काल रताळी उकरता उकरता मला म्हणाला, की माझ्या बहिणीचं हाड साहेबांपुढे बोलणार आणि मी ऐकू नको? मी त्याला भाषणातलं काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का? रात्रभर झोप नाही. बाबा मात्र गावभर सांगत सुटलेत, की आमच्या पोराला ऐकायला आता मैदान नाही, सभागृह लागतं. मामाने पिसांचा टोप घेतलाय. मी नको म्हणाले, तर म्हणाला, बोडक्याने येऊ काय?

काळजीने अर्धी झालेली, तरी पूर्ण तुझी,
डोर्का

पोर्ट मोर्सबी,
१५ जून २००३

चि. डोर्कास अनेक आशीर्वाद.

शेवटच्या रांगेत तो टोप आधीच दिसला होता. तरी मी घाबरून पाठ केलेलंच बोललो, की माझं शरीर माझं एकट्याचं आहे. मामा उठला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारता झाला, की अरे भाच्या, मग तुझ्या बापाची डुकरं परत नेऊन बांधू का?

सभागृहात एकच हशा फुटला. कारकून हसले, गोदीवाले बाकं बडवायला लागले. मामा कुणाला नाही? हॅडनसाहेब तेवढे गोरेमोरे झाले. मी कागद घडी करून खिशात ठेवला आणि कबूल केलं, की मामा बरोबर आहे. मग सगळं सांगितलं. आईने पाठीवर वाहिलेली रताळी, बाबांची खाली गेलेली मान, मामाची गर्जना. मी चेंडू घेऊन धावायचो तेव्हा हे सगळे माझ्या अंगात धावायचे, असं म्हणालो. डोर्का, हे मला बोलेपर्यंत माहीत नव्हतं.

टाळ्या झाल्या. कंपनीच्या व्यवस्थापकांनी लाए शहरातल्या कचेरीतही भाषणाला बोलवलंय. हॅडनसाहेबांनी हळूच विचारलं, की तुझे मामाही येतील का?

पण तुला सांगायचंय ते वेगळंच. सगळे पांगल्यावर आपल्याच भागातला, गुमिनेकडचा एक क्रेनवाला माझ्याजवळ आला. क्रेनच्या साखळीत त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेलीत. आपल्या आईच्या माहेरी त्याने हे कधी कळवलंच नव्हतं. लाजेने गावाकडे जायचंच सोडलं होतं. त्याने तिथल्या तिथे व्यवस्थापकांकडे रजा मागितली आणि त्यांनी दिली. आज सकाळी तो विमानात मामाच्या शेजारी बसून गेला. मैदानात माझ्यासाठी हजारो माणसं उठून उभी राहिली, पण माझं ऐकून कुणी घरी गेलं नव्हतं.

तुझ्यापुढे आज मान वाकवणारा,
दादा