ओलं लुगडं आणि मशीनचा काटा

ता. ४ फेब्रु.
नंदूच्या कॉलेजात मायक्रोवेव्हचं मशीन आलंय, स्वयंपाकाचं नव्हे, प्रयोगाचं. सायन्सची मास्तरीण ती, माझी नात! म्हटलं, मला ने एकदा वर्गात.
"आजी, तू काय करशील तिथे?"
बसेन. बाकावर. लग्नासाठी तिसरीतून उठवलं मला, पाटीवरचं गणित अर्धं होतं. अजून वाटतं जाऊन...

ता. ६
मोठ्या बहनजी, कॉलेजच्या प्रिन्सिपल, हो म्हणाल्या! एकच दिवस, पण हो. आनंदात भाजीत दोनदा मीठ पडलं. सून बोलली. बोलू दे.

ता. ७
पंचगंगा घाटावर गंगास्नान, तिथून थेट कॉलेज. पिळलेलं लुगडं काखेत. पहिला बाक पकडला. शेजारची पोर, "दादी, कौन क्लास में हो?" म्हटलं, "तीसरी. साठ साल से." सगळ्या खोखो.

टेबलावर पितळेचे दोन कर्णे, तोंडाला तोंड. एकातून लाट निघते, दुसरा झेलतो, की मशीनचा काटा वर. डोळ्यांना काही दिसत नाही हो! नंदूने मधे तारांची चौकट धरली. तारा उभ्या, काटा पडला. आडव्या, उठला. मग पत्रा तिरका धरला, लाट वळून दुसरीकडेच. मी मोठ्याने, "होडी गेली की घाटाच्या पायरीवरून पाणी फिरतं, तसं!" नंदू म्हणाली, "बिलकुल." छाती फुगली माझी.

मधल्या सुट्टीत पाहिलं, कर्ण्यांमधे लाकडी स्टँड रिकामा. लुगडं टाकलं वाळत! हाताला सवयच ती. तास सुरू झाला तर काटा मेलेला. नंदू वायरी तपासून घामाघूम. आणि मग तिला लुगडं दिसलं. मेल्याहून मेले मी.

पण रागावली नाही. लुगडं काढलं, काटा वर. सुकी ओढणी टांगली, काटा तसाच वर. "गीला रोकता है, सूखा नहीं. क्यों? कल सब लिखकर लाना." मग माझ्याकडे वळून, "आजी, तूसुद्धा."

ता. ८
मला घरचा अभ्यास! लिहिलं, लाट ती, पाणी भेटलं की माहेरी आल्यागत तिथेच राहते. खोडलं. नंतर लिहिलं, पाणी तिला पिऊन टाकतं. हे ठेवलं. नंदूला दाखवलं नाही, वर्गातच दाखवीन. पण बहनजींचा एकच दिवस तर कालच संपला. नंदू कॉलेजात पुढे गेलीय, त्यांना विचारून निरोप धाडते म्हणाली.

लुगडं आज आधी गच्चीवर वाळत घातलं. कागद पदराच्या गाठीत. चपला घालूनच बसलेय.