ओठांवरचं बोलणं

सोमवार, ३

आले एकदाची! ताईची खोली लहान, पण उजेड भरपूर. खिडकीखाली माझी पेटी, कोपऱ्यात स्टोव्ह. आई गेल्यापासून मी नुसती बसून होते. ना रडू, ना भूक. म्हणून ताईने तिच्या कापड कारखान्यात मला चिकटवलं. हात गुंतले की मन ताळ्यावर येईल, म्हणाली. मागांचा खडखडाट एवढा, की कानाशी बोंबललं तरी ऐकू येत नाही. त्यामुळे सगळ्या बायका आवाज न काढता ओठ मोठे हलवून बोलतात. समोरचीने ते वाचायचं. भारीच मजा!

गुरुवार, ६

ताई शिकवतेय. आधी ओठ बघायचे, मग गाल, मग डोळे. प, ब, म ओठांवर सारखेच दिसतात. आज कांडीवाली लांबून म्हणाली, मामा आले. ही मागांना सुताच्या कांड्या पुरवते, माझ्याच वयाची आहे. मामा म्हणजे आमचे मुकादम. मी वाचलं, बाबा आले, आणि केस सावरून दाराकडे बघत राहिले. सगळ्यांची हसून मुरकुंडी वळली. मीही हसले म्हणे. मला कळलं नाही.

बुधवार, १२

आता भराभर वाचता येतं. कोणाची सासू काय म्हणाली, ते चार माग पलीकडूनही कळतं. ओठ मात्र बधिर झालेत. चहाने पोळले, तेही ताईने फोड दाखवला तेव्हा समजलं. तिने विचारलं, कामात सारखी काय पुटपुटत असतेस? मी म्हटलं, छे, गप्पच तर असते.

सोमवार, १७

कांडीवालीने चालू मागात हात घातला. सूत घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याच्या वाटेत, सरळ. ओरडलीसुद्धा नाही. सगळे माग बंद केले, तेव्हा तिथली शांतता पहिल्यांदा ऐकली. मला रडू यायला हवं होतं. मी सांडलेल्या कांड्या गोळा केल्या.

बुधवार, १९

तिला भेटून आले. तीन बोटं गेली. असं का केलंस गं, विचारलं. ती भिंतीकडे तोंड फिरवून म्हणाली, "तूच सांगत होतीस की, सकाळपासून. हात घाल, दुखत नाही."

खरंच दुखलं नाही, म्हणाली.

गुरुवार, २०

बायका माझ्याकडे बघत नाहीत. मामांनी घरी जायला सांगितलं. बोलताना नजर माझ्या कपाळावर.

शुक्रवार, २१

आरसा घेऊन बसले. तोंड मिटलंय असं वाटत होतं. आरशात ओठ हलत होते. मोठे, सावकाश. हात घाल. दुखत नाही. हात घाल—

बोटांनी दाबून धरले. बोटांखालीही—

भीती वाटायला हवी.

शनिवार, २२

तोंडाला फडकं बांधलं. ताईला सगळं लिहून दाखवलं. माझ्याकडे बघू नकोस, हेही. तिने मला जवळ घेतलं. वेडी आहेस, म्हणाली.

रविवार, २३

दुपार. पाणी उकळतंय. फडकं— कधी सुटलं?

ताई स्टोव्हपाशी. माझ्या तोंडाकडे बघतेय. मी गप्प आहे. गप्पच—

मान डोलावतेय. हो, हो. लहान मुलाची समजूत काढावी तशी.

ताई, नको गं, म्हणाले. आवाज फुटला का?

बाही वर सारतेय. पातेल्यावरचं झाकण—

उठायला हवं. उठते. हात लिहितोच आहे, उठ—