कंसातला बिशप

चौतीस वर्षांचा, सहा फूट उंचीचा, उघड्या गुडघ्यांचा माणूस कोणाच्या दारात पाठवायचा असेल तर आधी दोन ओळी टाकायच्या असतात, बेथिया. मेंढरू पाठवणारासुद्धा कळवतो. सोमवारची सकाळ, माझे हात कोपरापर्यंत साबणात, माझे सगळे लोकरी आतले कपडे दोरीवर गल्लीभर फडफडतायत, आणि हा फाटकात उभा, तो चौकड्यांचा घागरा, किल्ट घालून! आपल्या गल्लीत याआधी किल्ट कोणी घातला होता सांग बघू. कोणीच नाही. आपले लोक मासे धरणारे, होडीत वाकायचं म्हणजे पँटच लागते. समोरच्या टीनीने पडदा इतका ओढला की दांडीच खाली आली. मला वाटलं, बिस्किटं विकायला आलाय. (त्या डब्यांवर असाच एक असतो.) म्हटलं, "आम्हाला काही नको." तर म्हणतो, "मावशीआजी, मी रसेल. बेथिया आजीचा नातू." आणि मला साबणासकट मिठी मारली. माझे स्वतःचे नातू माझ्यापासून हातभर लांब उभे राहतात, तसंच वळण लावलंय मी त्यांना.

आता रीतीचं लिहिते. प्रिय बेथिया, थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तुझ्या नवऱ्याला, अलेकला सांग, मी विचारलंय. तुझ्या कंबरेचं काय झालं? डॉक्टर चाल म्हणाला असेल तर चाल. माझे गुडघे आहेत तसेच आहेत, दात मात्र नवे आहेत आणि जुन्यांपेक्षा वाईट आहेत. शुद्धलेखन बघत बसू नकोस. तुला ठाऊक आहे, मला चौदाव्या वर्षी शाळेतून काढून हेरिंग मासे कापायला बसवलं, आणि सुरी हातात आली तशी लेखणी सुटली. इकडे सगळे बरे आहेत, जे मेले त्यांचं मागच्या पत्रात कळवलंच होतं.

तर हा तुझा रसेल. दुपारी त्याने टेबलावर (मी पीठ मळत होते त्याच टेबलावर) एक वही उघडली. वही कसली, दगडी पाटाच. त्यात एक झाड काढलेलं. खाली फांद्याफांद्यांवर तुम्ही सगळे, समुद्रापलीकडच्या नोव्हा स्कॉशियाचे बिशप, तुझी पोरं, त्यांची पोरं, आणि वर टोकाला एक रिकामी चौकट, तिच्यावर रंगीत पेन्सिलीने काढलेली बिशपाची उंच टोपी. म्हणाला, "मावशीआजी, हे आमचे मूळपुरुष. बिशप. त्यांचं नाव आणि थडगं तेवढं सापडत नाहीये." एडिनबराच्या दप्तरखान्यात चार दिवस डोळे फोडून आला होता बिचारा. आपल्या गावच्या सगळ्या जन्ममृत्यूंत बिशप आडनावाचं एक माणूस नाही. त्यावर त्याने काय अनुमान काढलं असेल? की घराण्याच्या शत्रूंनी कागद जाळले! अगं, आपल्या घराण्याला शत्रू परवडले असते का? आणि तो किल्टही एडिनबरातल्या एका दुकानदाराने त्याला 'बिशप घराण्याची खास चौकड' म्हणून गळ्यात मारलेला. (तसल्याच चौकडीची चादर टीनीच्या कुत्र्याच्या टोपलीत आहे. मी सांगितलं नाही.)

त्याला म्हटलं, बाळा, तू चुकीचं नाव शोधतोयस. या गावात सगळे मेअर. चर्चभर मेअर, दुकानभर मेअर, पोस्टमन मेअर आणि त्याने ज्याची पत्रं चुकीच्या घरी टाकली तोही मेअर. विल्यम मेअर म्हणाल तर एका वेळी तेवीस होते. म्हणून तर प्रत्येक घराला कंसातलं नाव. आपण बोझी, टीनीचं सासर पम (पम म्हणजे काय ते पमांनाही ठाऊक नाही), आणि असेच बाकीचे. मतदारयादीत कंसात, मासे विकल्याच्या पावतीवर कंसात, लग्नाच्या नोंदीतसुद्धा पाद्री न हसता कंसात लिहितो. ते तो भराभर उतरवून घेत होता. तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण तो म्हणाला, "मग आमचे ते कोण?" आणि मी पीठ लाटता लाटता म्हणून गेले, "तुमचा तो विल्यम मेअर, बिशप."

बोलताना कंस कसा ऐकू जाणार, बेथिया? मी कंस म्हटला, त्याने हुद्दा ऐकला. उठून उभा राहिला, छातीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "विल्यम मेअर. बिशप." डोळ्यांत पाणी. माझं लाटणं तिथेच थांबलं.

खरं काय ते तुलाही पाठ आहे, आजीने आपल्याला शेगडीपाशी बसवून दहा वेळा सांगितलंय. होडीत बसल्यावर डुकराचं नाव घ्यायचं नाही, सॅल्मन माशाचं नाव घ्यायचं नाही आणि पाद्र्याचं तर नाहीच नाही, अपशकुन. कोणाच्या तोंडून निघालंच तर सगळ्यांनी गार लोखंडाला हात लावायचा. आणि हा विल्यम, विशीतला दांडगा बाप्या, भर बंदरातून होडी बाहेर पडताना धक्क्याकडे बोट दाखवून ओरडला, "पाद्रीबुवा आले बघा!" नाखव्याने तिथून होडी वळवली. पुढे तीन आठवडे जाळ्यात शेवाळाशिवाय काही आलं नाही. गावाने ठरवलं, याला नाव ठेवायचं; पण पाद्री ठेवावं तर ते तोंडातून काढता यायचं नाही, म्हणून त्याला बढती दिली. बिशप. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की बिशप हाही शेवटी पाद्रीच, हेही नाव समुद्रावर चालायचं नाही. म्हणून जमिनीवर बिशप आणि पाण्यावर 'गार लोखंड'. आपल्या चर्चला तीनशे वर्षं बिशप चालत नाही, आणि सगळ्या गावात एकच बिशप, त्याच्या अंगाला हेरिंगचा वास. त्याचा पोरगा तुमच्या देशाला निघाला तेव्हा कागदावर होतं 'जॉन मेअर (बिशप)'. तिकडच्या बंदरावरच्या कारकुनाला शेवटचा शब्द म्हणजे आडनाव वाटलं, त्याने कंस पुसले, आणि तुमचं घराणं उभं राहिलं. तो कारकून गार लोखंड लिहून बसला नाही हे नशीब समज, नाहीतर आज तुझ्या दारावर काय पाटी असती विचार कर.

हे सगळं मी रसेलला का नाही सांगितलं? तुझ्यामुळे. मला एकोणीसशे तेहतीसचं तुझं पत्र आठवलं. (आहे माझ्याकडे. मी पत्रं टाकत नाही, शेगडी पेटवायला वर्तमानपत्र पुरतं.) तू नवी नवरी, परका देश, आणि सासू रोज जेवणाच्या टेबलावर म्हणायची, "सूनबाई, हात पुन्हा धुऊन या, माशाचा वास येतोय." तर तू एके दिवशी तिला तोंडावर सांगितलंस, "सासूबाई, माझ्या गावी तुमच्या घराण्याचं केवढं नाव! तुमचे आजेसासरे बिशप होते." मला लिहिलं होतंस, त्या दिवसापासून ती तुला आधी वाढते. मी आणि आई ते वाचून इतक्या हसलो की आईला उचकी लागली. ती थाप अर्ध्या शतकाहून जास्त टिकली, पोरांना दुधाबरोबर पाजली गेली, आणि सोमवारी ती किल्ट घालून माझ्या दारात आली. मी खरं सांगितलं असतं तर पोराच्या नजरेतून बिशप उतरला असता याची मला फिकीर नाही. तू उतरली असतीस.

मंगळवारी हा आपल्या पाद्र्याकडे जाऊन बिशप विल्यमचा इतिहास विचारून आला. तो सभ्य माणूस, तोंडातला स्कोन-पाव घशात अडकला तरी खोकला नाही, नुसता लाल झाला. नंतर मला दुकानात गाठून म्हणाला, "एल्सपेटबाई, त्यांना कोणी सांगणार आहे का?" म्हटलं, "तुम्ही रविवारी एवढं बोलता, एक वार तरी गप्प बसा."

बुधवारी थडगं. "मावशीआजी, तुम्हीच दाखवा, तुम्हीच शेवटच्या उरलात." आता विल्यमला थडगंच नाही हे तू जाणतेस. तो समुद्रात गेला, सापडला नाही. पण पाऊस तिरका येत होता, माझे गुडघे बोलायला लागले होते, टेकडी चढून फाटकापाशी आलो तर समोरच एक 'विल्यम मेअर, मच्छीमार' होता, खालची ओळ शेवाळाने भरलेली. मी काठी टेकवली आणि म्हटलं, "हे बघ." झालं. हा ओल्या गवतात गुडघ्यांवर बसला. 'मच्छीमार' वाचून आणखीच गहिवरला: किती साधा माणूस, एवढा मोठा बिशप असून थडग्यावर स्वतःला मच्छीमार म्हणवतो! पुढ्यात हेदरच्या जांभळ्या रानफुलांची जुडी ठेवली, चौदा फोटो काढले. आणि उतरताना मला आधार देत म्हणाला, "मी ठरवलंय. ऑगस्टात आमच्या बिशपांचा मेळावा आहे, एकशे चाळीस माणसं येतायत. सगळे मिळून इथे नवा दगड बसवू. ग्रॅनाइटचा. वर टोपी कोरलेली."

माझे गुडघे त्या क्षणी दुखायचे थांबले, इतकी मी हादरले. कारण शेवाळाखालची ओळ मला ठाऊक होती. कंसात पम. तो टीनीच्या सासऱ्यांचा बाप.

आज सकाळी त्याला बसमध्ये बसवलं. मोज्यांचा एक जोड माझ्या दोरीवर विसरून गेला. पोरगा वाईट नाही. हॅडक माशाचं सूप तीन वाट्या प्यायला, भांडी घासली, कपाटाचं दार दहा वर्षं लटकत होतं ते बसवून दिलं, आणि मी बोलत असताना वही मिटून ऐकत होता, हे आमच्या कुठल्या पोराला जमत नाही. बाकी सगळं क्षेम. मला काही मागायचं नाही, पोरगा सुखरूप आला आणि गेला एवढंच कळवायला लिहिलं. 

तुझी बहीण,
एल्सपेट

ता. क. टीनी येऊन गेली. मळ्यातून येतात तसे पाय न पुसता आत. म्हणाली, "काय गं एल्सपेट, आमच्या म्हाताऱ्यापुढे हेदर कोणी ठेवलं?" म्हटलं, "वाऱ्याने आलं असेल." "सुतळीने बांधून?" मी चहा ओतत बसले. "आणि तुझा तो किल्टवाला खडूने दगडाची मापं घेत होता म्हणे. आमच्या म्हाताऱ्याच्या छातीवर कोणाचं काय चढवताय?" बेथिया, टीनी पम घराण्याची सून आहे, तिने एकदा बटाट्याच्या एका ओळीवरून जावेशी अकरा वर्षं अबोला धरला. बिशपाची टोपी चढली तर ती दगडाखाली मलाच घालील.

ता. क. दुसरं. माझे गुडघे बुधवारी दुखत नव्हते. पाऊसही फार नव्हता. पोराच्या हातात ती जुडी होती, एडिनबराहून बसमध्ये मांडीवर धरून आणलेली, आणि त्याने विचारलं, "कुठे ठेवू?" 'कुठेच नाही' असं मला म्हणता आलं नाही. आता म्हातारपणी मी अशी मऊ पडले हे कोणाला सांगशील तर याद राख.

पण त्याला खरं कळायला हवं. टोपीपेक्षा ते मोठं आहे. आजी शेवटी काय सांगायची? लाटेने विल्यमला होडीतून नेलं, तेव्हा बाकीचे पाचही जण कडेला धावले आणि 'गार लोखंड' कोणी म्हटलं नाही. पाची जण पाण्याकडे तोंड करून "बिशप! बिशप!" ओरडत होते, घसा बसेपर्यंत. तेवढं एकदाच ते नाव समुद्रावर घेतलं गेलं. आणि एकानेही लोखंडाला हात लावला नाही. ज्या पोराने त्या नावासाठी चार दिवस डोळे फोडले त्याला हे कळू नये, हा अन्याय आहे. दगड बसवायचाच असेल तर बंदराच्या भिंतीवर बसवा, टोपीशिवाय, कंसासकट.

हे मी सांगायचं नाही. थाप तुझी, नातू तुझा. तो अजून दहा दिवस एडिनबरात कागद चाळतोय, हे पत्र त्याच्याआधी पोचेल. घरी आला की बसव समोर. हसेल. मी त्याला तीन दिवस पाहिलंय, तो हसणारा आहे.

ता. क. तिसरं आणि शेवटचं. ऑगस्टात ते इकडे दगड घेऊन येतील तेव्हा तूही ये. तुझ्या खोलीत मी बटाटे ठेवत होते. काल ते शेडमध्ये हलवले, पाठ मोडली माझी, परत हलवणार नाही. कंबरेची सबब सांगू नकोस. माझे गुडघे आणि तुझी कंबर मिळून एक धड बाई होईल, तेवढी बंदरापर्यंत चालायला पुरे.

उत्तर तू लिहायचंस. अलेकने नाही, रसेलने टाइप करून नाही, तुझ्या लेकीने 'आई बरी आहे, तारीख मागाहून कळवते' असं तर मुळीच नाही. तू, तुझ्या हाताने, आणि पहिल्या ओळीत तारीख.