दुसरा ब्रेक

रविवार, १२ एप्रिल

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार. दादालाही नमस्कार, आणि त्याच्या वाढत्या ढेरीला वेगळा. इकडे सगळं ठीक. फोनवर तू "बघू गं" म्हणून विषय गुंडाळतेस, म्हणून या वेळी पत्र. पत्राला उत्तर द्यावंच लागतं.

तर, ती जुनी गावं. किती वर्षं आपलं नुसतं जाऊ-जाऊ चाललंय. आता टेबलावर नकाशा पसरलाय आणि त्याच्या कोपऱ्यांवर डबे ठेवलेत, नाहीतर त्याची सुरळी होते. पहिल्या दिवशी नदीकाठचं गाव. तिथल्या दगडी पुलावरून एका वेळी एकच गाडी जाते. मुक्काम पाणचक्कीत; मालकीणबाई वरची खोली देते म्हणाल्यात. दुसऱ्या दिवशी टेकडीवरचं तटबंदीचं गाव. त्याची वेस इतकी अरुंद की गाडी बाहेर ठेवून पायीच आत जायचं. मग कुंभारांचं गाव, तिथे जुन्या भट्ट्या अजून उभ्या आहेत आणि तुला हवं तसलं मोठं भांडंही मिळेल. रस्ते सगळे आडवाटेचे. हायवेला शिवायचं नाही.

दादाला न्यायचं नाही, हे आत्ताच सांगते. "पडक्या भिंती बघायला पेट्रोल कशाला जाळायचं?" हे त्याचं वाक्य मला पाठ आहे. शिवाय तो गाडी चालवायला लागला की गावं बघायची राहतात, नुसती मागे पडतात. त्याला घरी कुत्रा सांभाळू दे. दोघांचं छान पटतं.

गाडी तू चालवायचीस.

पत्र खाली ठेवू नकोस, पुढे वाच. बेकरीचं मी विसरलेले नाही. माझ्या ड्रायव्हिंग क्लासच्या गाडीत तू शिकलीस, शेजारच्या सीटवर मी आणि माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक. लायसन्स मिळालं, दादाची गाडी घेऊन एकटी निघालीस आणि कोपऱ्यावर मी ब्रेक मारेन म्हणून वाट बघत बसलीस. मी तर घरी भाजी निवडत होते. दुकानाच्या पायरीवर चढलेल्या गाडीकडे बघून बेकरीवाला म्हणाला, "बाई, पाव आम्ही गाडीत आणून दिला असता." कोणाला साधं खरचटलंही नाही. पण त्या दिवशी तू किल्ली दादाच्या हातात दिलीस ती दिलीसच. इतक्यांना शिकवलं मी, पण अशी चूक करणारी तू एकटीच. आजही आठवलं की हसू येतं आणि तुझी मायाही येते.

म्हणून क्लासचीच गाडी न्यायची. तिला दुसरा ब्रेक आहे आणि शेजारी मी आहे. आता काय बिशाद आहे बेकरीची.

मी का चालवत नाही, विचारशील. क्लास बंद केलाय मी. कंटाळा आला. जन्मभर लोकांना गिअर शिकवले, आता जरा खिडकीतून बाहेर बघत बसायचंय. दुसरं काही नाही. फोटोत माझ्या कपाळावरचं टेंगूळ बघून दादा काळजी करत होता ना, त्याला सांग, कपाटाचं दार उघडं राहिलं होतं.

पुढच्याच महिन्यात जाऊ. लांबवायला नको.

तुझी लाडकी,
मास्तरीण


गुरुवार, २३ एप्रिल

प्रिय वहिनी,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. "येते. पण दुसरा ब्रेक तुझ्या पायाखाली असेल तरच. माझ्या दोन डोळ्यांपेक्षा तुझ्या एका पायावर माझा जास्त भरवसा आहे." हे वाचून आधी खूप हसले. मग खाली वाचलं, की तू पातळ तळव्याचे नवे बूट घेतलेस, पायाला पेडल नीट कळावं म्हणून, आणि दादाला न सांगता कपाटात लपवून ठेवलेस. ते बुटांचं वाचल्यावर मला गप्प राहवेना.

ताकाला जाऊन भांडं लपवत होते मी, वहिनी. मला काचबिंदू झालाय.

समोरचं नीट दिसतं. तुझं पत्र मीच वाचलं, हेही मीच लिहितेय. पण कडेचं दिसत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गेलं ते परत येणार नाही, राहिलंय ते औषधाने टिकवू. "टिकेल ना?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "प्रयत्न करू." आपण नापास होणाऱ्यांना सांगतो त्याच सुरात.

मला कळलं ते क्लासच्या गाडीतच. एक शिकाऊ मुलगी चालवत होती. तिने एकदम ब्रेक मारला. गाडी थांबली आणि मग मला सायकलवाला दिसला, बॉनेटला चिकटून. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही मुद्दामच ब्रेक न दाबता बसलात ना? माझी परीक्षा घेत होतात ना?" मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी क्लासची पाटी उतरवली. कंटाळा वगैरे काही नाही. ते काम मला फार आवडायचं.

रस्त्यावर अंगावर येणारं बहुतेक कडेनेच येतं, आणि दुसरा ब्रेक त्यासाठीच असतो. तो माझ्या पायाखाली आहे म्हणून तू निर्धास्त चालवणार आणि मला काही दिसणारच नाही, हे मला कसं चालेल? काल गाडी गॅरेजवाल्याकडे पाठवून दुसरा ब्रेक काढून घेतला. त्याने फोनवर विचारलं, "मास्तरीणबाई, गाडी विकताय का?" म्हटलं, "नाही हो, सहलीला चाललेय." मग म्हणाला, "हवा-पाणीही बघून देतो."

आता तू नाही म्हणालीस तर ते रास्तच आहे. मी तोंड फुगवणार नाही. फुगवलंच तर दोनच दिवस. पण मला ती गावं बघायची आहेत, दिसतंय तोवर, आणि तुझ्याबरोबर बघायची आहेत. दादा सोबत असला तर सारखं माझ्या डोळ्यांकडे बघत राहील. त्याला मी सांगणार आहे, पण आधी तुला सांगितलं. मला भीती वाटतेय, वहिनी. दिवसभर हसत असते आणि रात्री डोळ्यांत थेंब घातले की बोट कानाकडे नेत कुठवर दिसतं ते बघत बसते.

आता एकच, मास्तरीण म्हणून. परीक्षेच्या आधीचे कितीतरी दिवस मी तुझ्या शेजारी नुसती बसून होते. पेडलला पायसुद्धा लावला नव्हता. चौकात, उतारावर, शाळेपाशी, गाडी तूच थांबवत होतीस आणि वर "बरं झालं तू दाबलास" म्हणायचीस. तेव्हाही मी शपथेवर सांगत होते, की मी नाही गं, तूच. तुला वाटायचं, मी मन राखायला बोलतेय. आता तरी खरं मान. थोडे दिवस आधी ये, मोकळ्या मैदानावर फिरवून बघ, मग काय ते ठरव.

शेजारच्या सीटवर पाय मोकळे सोडून बसायला शिकणारी,
तुझी नणंद