चौकातल्या बाईची ओटी

४ सप्टेंबर १९६७

आलो एकदाचे एल्डरस्टनला! लंडनमधल्या हॅरोच्या त्या एका खोलीत आम्ही दोघं आणि माझं पोट मावेनासं झालं होतं. ह्यांना इथल्या कॉलेजात गणित शिकवायची नोकरी लागली आणि घर मिळालं ते थेट चौकावर. गाव एवढंसं, पण तोरा केवढा! लोकरीच्या एका व्यापाऱ्याने बांधलेलं कॉलेज, त्याच्या नावाचा पूल, त्याच्याच नावाचा मनोरा. मनोऱ्यावरचं घड्याळ मात्र सदा मागे. आमच्या खिडकीसमोर त्याच्या बायकोचा दगडी पुतळा आहे. खुर्चीत बसलेली, हात पुढे केलेले, मांडी रिकामी. वरच्या मजल्यावरच्या मिसेस प्रिंगल सांगत होत्या की तिचं एकही मूल जगलं नाही, म्हणून गावातली गरोदर बाई तिच्यासमोरून जात नाही, मागच्या गल्लीने जाते. मलाही तसंच करायला बजावलं. मला हसूच आलं. असले सोपस्कार पुण्याला सोडून आले, तर इथेही तेच.

१७ सप्टेंबर

सातवा लागला. घरी असते तर आईने डोहाळजेवण केलं असतं, साऱ्या आळीने ओटी भरली असती. इथे कोण भरणार, मिसेस प्रिंगल? सकाळपासून रडू येत होतं. समोर ती बाई बसलेली. वाटलं, हिची तरी कुणी भरली असेल का कधी? मग उठलेच. ग्रीनग्रोसरकडून नारळ आणला, तांदूळ घरात होते, ट्रंकेत आईने दिलेला हिरवा खण होता. भर दुपारी चौकात जाऊन तिला कुंकू लावलं, ओटी भरली आणि म्हटलं, बाई गं, तुझी कूस उजवू दे. लोक रस्ता ओलांडून पलीकडे गेले. हे म्हणाले, आता प्रिन्सिपॉल मला बोलावणार. बोलावू देत! मला फार बरं वाटलं. बाळही खुशीत होतं, सारखं लाथा मारत होतं.

१९ सप्टेंबर

पुतळ्यापाशी ना नारळ, ना खण, ना तांदळाचा दाणा. कुत्र्याने नेलं असेल म्हणावं, तर कुत्रं खण कशाला नेईल? मिसेस प्रिंगल जिन्यात भेटल्या. माझ्या पोटाकडे पाहून त्यांनी डोळे पुसले.

बाळ आज शांत आहे. झोपलं असेल.

२२ सप्टेंबर

बाळ हललेलं नाही. नर्सने पोटाला नळी लावून ऐकलं, पुन्हा ऐकलं. उद्या मोठे डॉक्टर बघतील म्हणाली. पोट गार लागतं. दोन लोकरी झंपर घातले तरी गार.

पुतळ्याचं पोट— आधी असं पुढे आलेलं होतं?

२३ सप्टेंबर

डॉक्टरांना ठोके सापडले नाहीत. हे रडले. मी तडक चौकात गेले.

तिच्या पोटाला कान लावला. आत ठोके. बारीक, भरभर. मी हाक मारली तशी आतून लाथ बसली, गालावर. माझंच आहे ते! आईला का कळणार नाही?

ओटी परत मागितली. हात जोडले. दिलेली ओटी कोण परत देतं—

२४ सप्टेंबर

ह्यांना सगळं सांगितलं. डोकं फिरलं म्हणतात. खिडकीपाशी खुर्चीत बसवलंय मला.

उठता येत नाही. गुडघ्यापर्यंत गार, टणक. टोचलं तर सुई वाकली—

हे कोळसा फोडायचा हातोडा घेऊन खाली गेलेत. पुतळाच फोडतो, म्हणजे तुझं वेड जाईल, म्हणाले. ओरडायला जाते, आवाज फुटत नाही. चौकात माणसं आहेत, कुणी अडवत नाही—

कमरेपर्यंत आलं. हात तेवढा चालतोय—

तिने दोन्ही हात पोटावर धरलेत.

हातोडा उचलला. अहो, नको, आत आपलं—